‘त्या काळी तसंच होतं’ म्हणण्याआधी

हा वाद दर दोन-चार महिन्यांनी नव्याने पेटतो. निमित्त एखादी जुनी रूढी असते, एखाद्या राजाचं किंवा धर्मगुरूचं कृत्य असतं, नाहीतर एखाद्या व्रताविरुद्ध कोर्टात गेलेली याचिका असते. एक बाजू म्हणते, आजच्या चष्म्यातून कालच्या माणसाकडे पाहू नका, त्या काळी तसंच होतं. दुसरी म्हणते, क्रूर ते क्रूर, त्याला काळवेळ कसली? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघीही एकच गोष्ट टाळतात: त्या काळात नेमकं कोण काय म्हणत होतं, हे बघायला कुणी जात नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. धर्माच्या नावाने झालेल्या जुन्या कृत्यांचा नैतिक निवाडा करता येतो आणि तो करायला हवा. मात्र अख्ख्या शतकाला किंवा अख्ख्या संस्कृतीला एका झटक्यात निर्दोष ठरवता येत नाही, तसंच दोषीही ठरवता येत नाही. कृत्य कुणाच्या अंगावर पडलं, त्या माणसाला नाही म्हणायची सोय होती का, आणि ‘हे चूक आहे’ असं त्याच काळात, त्याच परिसरात कुणी सांगत होतं का, ही चौकशी आधी व्हायला हवी. निकाल त्यानंतर.

‘काळाचा दोष’ ही सबब किती जुनी आणि किती प्रामाणिकपणे दिली जाते, हे पाहायचं तर जिनिव्हा शहरातल्या शांपेल भागातला एक दगड बघावा. मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला २७ ऑक्टोबर १५५३ रोजी तिथे जिवंत जाळलं. फुफ्फुसांतून होणाऱ्या रक्ताभिसरणाचं वर्णन युरोपात पहिल्यांदा छापणारा हा माणूस. त्याचा गुन्हा एवढाच की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य त्याला मान्य नव्हतं आणि तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला त्याचा विरोध होता. खटल्यामागे जिनिव्हाचा धर्मसुधारक जॉन काल्व्हिन होता. बरोबर साडेतीनशे वर्षांनी, १९०३ साली, काल्व्हिनच्याच अनुयायांनी तिथे प्रायश्चित्ताचा दगड उभारला. आम्ही काल्व्हिनचे आदर बाळगणारे, कृतज्ञ पुत्र आहोत, पण जी चूक त्याच्या शतकाची होती तिचा निषेध करतो, अशा आशयाचा मजकूर त्यावर आहे. आपल्याच महापुरुषाच्या कृत्याबद्दल दगडात कोरून कबुली द्यायला धैर्य लागतं, आणि ते मी कमी लेखत नाही. ‘शतकाची चूक’ या शब्दांना आधारही भरपूर आहे. फ्रान्समधल्या व्हिएन गावच्या कॅथलिक कैदेतून सर्व्हेटस आधीच निसटला होता, आणि तिथल्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत त्याला मरणाची शिक्षा दिली. माणूस हाती नव्हता म्हणून त्यांनी त्याचा पुतळा जाळला. जिनिव्हाने चार स्विस शहरांतल्या चर्चचं मत मागवलं, तेव्हा चौघांनीही त्याला दोषी ठरवलं. जर्मनीतल्या मेलांक्थॉन या धर्मसुधारकाने नंतर पत्र लिहून संमती कळवली. खुद्द काल्व्हिनने तर आगीऐवजी तलवारीने मृत्यू द्यावा अशी विनंती केली होती, ती नगरपरिषदेने मानली नाही. आपल्या काळाच्या मानाने तो काही राक्षस नव्हता.

एवढं सगळं मान्य केलं तरी एक माणूस शिल्लक राहतो. सेबास्तियन कास्तेलियो. हा काल्व्हिनच्याच जिनिव्हातल्या शाळेचा माजी मुख्याध्यापक. सर्व्हेटसची राख थंड होऊन काही महिने झाले नाहीत तोच, १५५४ साली, त्याने बाझलमधून टोपणनावाने एक संग्रह छापला. पाखंडी माणसाला ठार मारावं का, या एकाच प्रश्नावरचे उतारे त्यात होते, जुन्या धर्माचार्यांचे आणि सुरुवातीच्या ल्यूथरचेही. त्याच वर्षी काल्व्हिनने आपल्या कृतीचं समर्थन छापलं, त्याला उत्तर देताना कास्तेलियोने लिहिलं की माणसाला मारणं म्हणजे मताचं रक्षण करणं नव्हे, ते फक्त माणसाला मारणं आहे. हे वाक्य एकविसाव्या शतकातून मागे नेऊन चिकटवलेलं नाही. काल्व्हिनच्या हयातीत, त्याच्याच माजी सहकाऱ्याने, त्याच प्रसंगावर ते लिहिलं. मग चूक ‘शतकाची’ कशी? शतकात दोन्ही माणसं होती.

कास्तेलियोचं हे उत्तर लिहिलं गेलं १५५४ साली आणि छापलं गेलं १६१२ साली, तेही हॉलंडमध्ये. तोवर लेखकाला जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती. आपण ज्याला ‘त्या काळाचं मत’ म्हणतो ते बरेचदा ज्यांच्या हाती छापखाना, व्यासपीठ आणि दंडुका होता त्यांचं मत असतं. उरलेली मतं दाबली गेली, हरवली, किंवा ज्यांची होती त्यांना लिहिताच येत नव्हतं. त्या काळी कुणालाच चूक वाटलं नाही, असं म्हणणारा माणूस नकळत विजेत्यांचंच दप्तर वाचून दाखवत असतो. आणि ‘कुणालाच’ या शब्दात जळणारा माणूस तरी धरला आहे का?

आपल्याकडे हाच मुद्दा सतीच्या संदर्भात लख्ख दिसतो. सती ही हिंदू समाजात हजारो वर्षं निर्विवाद पूज्य होती, इंग्रजांच्या शिक्षणामुळे आपल्याला तिची लाज वाटू लागली, असा एक समज सर्रास ऐकू येतो. पण सातव्या शतकातल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ या ग्रंथात पात्राच्या तोंडून स्वच्छ म्हटलं आहे की अनुमरण, म्हणजे गेलेल्याच्या मागोमाग मरणं, अत्यंत निष्फळ आहे, अडाण्यांनी चोखाळलेली ही वाट आहे. पुढचा युक्तिवाद तर पुरता व्यवहारी आहे: मेल्याने मेलेला परत येत नाही, दोघांची गाठ पडेलच असंही नाही, कारण ज्याची त्याची गती ज्याच्या त्याच्या कर्माने ठरते. जिवंत राहिलेला निदान गेलेल्याला पाण्याची ओंजळ तरी देऊ शकतो. हा बाण ज्या हर्षाच्या दरबारी होता, त्याच्या आईने पती जाण्याआधीच अग्निप्रवेश केला होता आणि बहीण राज्यश्रीला चितेजवळून परत आणलं होतं. एका राजघराण्यात एक जळाली, एक वाचली, आणि त्याच दरबारातला कवी ते निरर्थक आहे असं लिहीत होता. ‘सातव्या शतकाचं मत’ यातलं कुठलं धरायचं?

नवव्या शतकाच्या सुमाराचा मनुस्मृतीचा भाष्यकार मेधातिथी हा काही बंडखोर नव्हता. तो धर्मशास्त्राच्या चौकटीत राहूनच सांगतो की आयुष्य संपण्याआधी मरू नये असं श्रुती सांगते, म्हणून हे चालत नाही. शत्रूला मारण्यासाठी करायचा श्येनयाग वेदात सांगितलेला असला तरी तो धर्म ठरत नाही, तसंच हे. पुढे चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने सहगमनाला, म्हणजे पतीबरोबर चितेवर जाण्याला, मान्यता दिली आणि त्याची मिताक्षरा ही धर्मशास्त्रावरची टीका महाराष्ट्रात प्रमाण झाली, हेही तितकंच खरं. म्हणजे शास्त्रातही दोन पक्ष होते आणि एक जिंकला. जिंकलेला पक्ष म्हणजेच परंपरा, असं मानायचं कारण काय?

मराठ्यांच्या इतिहासात तर एकाच घरात दोन्ही दिसतात. शहाजीराजे १६६४ साली गेले तेव्हा जिजाबाईंना सती जाण्यापासून शिवाजी महाराजांनी परावृत्त केलं. १६८० साली महाराज गेल्यावर पुतळाबाई सती गेल्या. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव पेशवे वारले आणि रमाबाई मुळा-मुठेच्या काठी त्यांच्या मागे गेल्या. त्याआधी अठरा वर्षं, १७५४ साली, कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, तेव्हा अहिल्याबाईंना सासऱ्याने, मल्हाररावांनी, थांबवलं. त्या थांबल्या म्हणून माळव्याला पुढची तीन दशकं मिळाली. याच अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई १७९१ साली महेश्वरला नर्मदेकाठी, आईने हरप्रकारे विनवूनही, पती यशवंतराव फणसे यांच्या चितेवर गेली. अहिल्याबाई ‘त्या काळाच्या’ होत्या की नव्हत्या? त्यांच्याहून अधिक धर्मनिष्ठ बाई अठराव्या शतकात दाखवणं कठीण आहे. काशी विश्वनाथापासून सोमनाथापर्यंत देवळं बांधणारी ही बाई मुलीला मरू नकोस म्हणत होती. धर्मनिष्ठेतूनच तो नकार येऊ शकत होता.

मुक्ताबाईंच्या प्रसंगातच विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा दडलेला आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. त्यांना कुणी ढकललं नव्हतं. उलट माळव्याची मालकीण त्यांना अडवत होती. कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याने तीसेक वर्षांनी तिथल्या लोकांकडून ऐकून त्यांचं उत्तर नोंदवलं आहे, त्याचा आशय असा: आई, तू म्हातारी झालीस, काही वर्षांत तू जाशील. माझा एकुलता एक मुलगा गेला, आता पती गेले. तूही गेल्यावर जगणं असह्य होईल आणि तेव्हा मानाने मरायची संधी निघून गेलेली असेल. ही वेडाच्या भरात बोलणारी बाई नाही. मग तिच्या निर्णयाला चूक म्हणणारे आपण कोण?

तिला मी चूक म्हणत नाही. पण तिच्या वाक्यातला ‘मानाने’ हा शब्द पुन्हा वाचा. जगण्यात मान उरणार नव्हता, मरण्यात होता, आणि तोही काही तासांपुरताच मिळणार होता. राजकन्येची ही स्थिती, तर साध्या भटजीच्या घरातल्या विधवेची काय असेल? केशवपन, आलवण, एकवेळचं जेवण, शुभकार्यात तोंड दाखवायची बंदी. मोकळी निवड म्हणायची तर दोन दारं उघडी हवीत. एक दार बंद करून दुसऱ्यावर तोरण बांधलं, तर त्यातून जाणाऱ्याच्या धैर्याला नमस्कार करता येतो, पण बंद करणाऱ्याला सोडता येत नाही. माणसाचा निवाडा आणि रचनेचा निवाडा वेगवेगळा करायचा असतो तो असा. मुक्ताबाईंना दोष नाही. ज्या समाजाने विधवेच्या जगण्यातून मान काढून घेतला, त्याला आहे. आणि हे त्याच काळात कळत होतं, नाहीतर मल्हाररावांनी सुनेला अडवलं नसतं.

‘स्वेच्छा’ ही गोष्ट बाहेरून तपासायला गेलं की काय होतं, याचा एक सविस्तर प्रयोग इतिहासात झालेला आहे. कंपनी सरकारने धर्मात ढवळाढवळ नको म्हणून बंगाल इलाख्यात १८१३ साली नियम काढले. सती जाणारी सोळा वर्षांखालील नसावी, गरोदर नसावी, तिला भांग-अफू पाजलेली नसावी, तिच्यावर जबरदस्ती नसावी. पोलिसांना आधी कळवायचं, दरोग्याने हजर राहून खात्री करायची. पुढे तान्हं मूल असेल तर त्याला सांभाळणारं कुणीतरी पुढे यायला हवं, अशी भर पडली. कागदावर हे सगळं शहाणपणाचं दिसतं: धर्माचा मान राखला, जबरदस्ती रोखली. १८१५ साली नोंदी ठेवायला सुरुवात झाली तेव्हा आकडा होता ३७८. १८१६ साली ४४२, १८१७ साली ७०७, १८१८ साली ८३९. या वाढीला १८१७-१८ ची पटकीची साथ काही अंशी कारण आहे आणि नोंदणी सुधारल्यामुळेही आकडा फुगला असेल, हे लक्षात ठेवायला हवं. तरी दुसरी गोष्ट त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाच दिसू लागली होती. दरोगा चितेपाशी उभा राहिला की बघ्यांना वाटे, सरकारची परवानगी आहे. ‘बेकायदेशीर’ सती ठरवताना ‘कायदेशीर’ सती नावाची गोष्ट जन्माला आली.

त्या तपासणीत काय निसटत होतं? विधवेला विचारलं जाई ते भर गर्दीत, सासरच्यांच्या देखत, पती गेल्यावर काही तासांत. एकदा ‘हो’ म्हटल्यावर मागे फिरणं म्हणजे घराण्याला बट्टा. राममोहन रॉय यांनी तर शास्त्राच्याच बाजूने बोट ठेवलं. शास्त्रातला विधी असा की संकल्प करून स्त्रीने पेटत्या चितेवर स्वतः चढायचं. बंगालमध्ये होत होतं ते असं की तिला आधी प्रेताशी बांधायचं, वर लाकडं रचायची, मग आग लावायची आणि बांबूंनी दाबून धरायचं. जिला उठताच येत नाही तिची इच्छा शेवटच्या क्षणी कुणी मोजली? दरोग्याच्या कागदावर मात्र ‘स्वखुशीने’ असंच राही. १८१५ ते १८२८ या काळात एकट्या बंगाल इलाख्यात ८,१३४ नोंदी झाल्या, त्यातल्या साठ टक्क्यांहून अधिक कलकत्ता विभागात. बंगालमध्ये दायभाग या वारसाहक्काच्या पद्धतीने निपुत्रिक विधवेला पतीचा वाटा हयातभर मिळत असे, तेव्हा तिच्या मरणात कुणाचा तरी फायदाही होता. या कारणाला किती वजन द्यावं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि सगळ्या सती गेलेल्या बायका काही पैसेवाल्या घरच्या नव्हत्या.

सतीबंदीचं काम इंग्रजांनी हिंदूंकडून जबरदस्तीने करून घेतलं, असंही चित्र रंगवलं जातं. पण १८१७ सालीच सरकारी न्यायालयाचे पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांनी सहगमन बंधनकारक नाही आणि ब्रह्मचर्याने राहणं श्रेष्ठ, असा अभिप्राय दिला होता. राममोहन यांचं सतीविरोधातलं पहिलं पुस्तक त्यानंतरचं, १८१८ सालचं. कायद्याने थेट बंदी घालावी का, याबद्दल तर राममोहन स्वतः साशंक होते. ४ डिसेंबर १८२९ ला गव्हर्नर-जनरल बेंटिंकने बंदी घातली. बंदीला विरोध करणाऱ्या हिंदूंच्या धर्मसभेने विलायतेत प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायपीठाकडे, दाद मागितली, तो अर्ज १८३२ साली फेटाळला गेला. बंदीची सही परकी होती, वाद घरचा होता.

तरीही परक्याने निवाडा करणं ही गोष्ट साधी नाही, आणि इथे मी दुसऱ्या बाजूला बरंच देऊ इच्छितो. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतलं आणि सतीला बंदी केली. कलकत्त्याच्या आधी तीनशे वर्षं. चांगली गोष्ट. १५६० साली त्याच गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं. १५६९ साली कातारीना द ऑर्ता या बाईला ती गुपचूप यहुदी धर्म पाळते म्हणून जिवंत जाळलं. तिचा भाऊ गार्सिया द ऑर्ता हा हिंदुस्थानच्या वनौषधींवर गोव्यात ग्रंथ छापणारा वैद्य. तो १५६८ सालीच वारला होता, म्हणून १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. या कामाची रीतही ठरलेली होती. चर्चने रक्त सांडायचं नाही असा दंडक, म्हणून दोषी माणसाला मुलकी सत्तेच्या हवाली करायचं आणि वर त्याच्यावर दया करावी अशी औपचारिक विनंतीही करायची. शेवटच्या क्षणी ख्रिस्ती म्हणून मरायला तयार झाला तर आधी गळा आवळायचा, मग जाळायचं. विधवेची चिता ज्यांना रानटी वाटली त्यांना आपली चिता पवित्र वाटत होती, आणि तीही एकाच शहरात, साठ वर्षांच्या आत. परक्याच्या विधीतली क्रूरता उघड्या डोळ्यांनी दिसते, आपल्या विधीवर श्रद्धेचा पडदा असतो. म्हणून बाहेरून आलेल्या नैतिक निवाड्याकडे संशयाने पाहणारे लोक मूर्ख नसतात. राज्य करण्यासाठीही असे निवाडे वापरले गेले आहेत.

१८९१ साली संमतीवयाचा, म्हणजे मुलीशी संभोग कायदेशीर ठरायला तिचं वय किमान किती हवं याचा, वाद झाला, त्यात टिळकांच्या विरोधामागे हे भान होतं. परक्या सरकारने कायद्याने घरात शिरू नये, हे त्यांचं म्हणणं. सुधारकांनी आधी स्वतः प्रतिज्ञा करावी, मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलग्यांची विसाच्या आत करू नयेत, असा प्रस्तावही त्यांनी मांडला होता. तो प्रस्ताव सरकारी मसुद्याहून पुढचा होता, कारण मसुदा वय दहावरून बारावर नेण्यापुरताच होता. आणि ज्या इंग्रजांच्या तोंडून उपदेश येत होता त्यांच्या देशातही हे वय तेरावरून सोळावर गेलं ते १८८५ साली. अमेरिकेतल्या डेलावेर राज्यात त्या दशकात ते सात वर्षं होतं. सात. पाश्चात्त्य नैतिकता आणि पौर्वात्य नैतिकता असे दोन डबे करणाऱ्यांनी हा आकडा नजरेसमोर ठेवावा.

पण सांगणारा ढोंगी आहे, म्हणून सांगितलेलं खोटं ठरतं का? १८९० साली कलकत्त्यात खटला उभा राहिला तो फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा. पस्तिशीच्या आसपासच्या नवऱ्याने केलेल्या संभोगातून तिला रक्तस्राव झाला होता. तिने दहा वर्षं ओलांडली होती, म्हणून बलात्काराचं कलम लागू होत नव्हतं. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पहिल्या ऋतुकाळी गर्भाधान झालंच पाहिजे, या धर्मविधीच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात सभा भरत होत्या, तेव्हा डॉ. भांडारकर त्याच शास्त्रांतून तो विधी पुढे ढकलता येतो असं दाखवत होते आणि आगरकर तर शास्त्राची परवानगीच नको म्हणत होते. आणि एक मुलगीही बोलली होती. रखमाबाईंनी १८८५ साली ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली. १८८७ साली कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असं सुनावलं, तेव्हा तुरुंग पत्करेन म्हणाल्या. टिळकांपाशी परक्या सत्तेबद्दलचा खरा मुद्दा होता. तो मांडताना किंमत कोण चुकवत होतं, हा प्रश्न मात्र रखमाबाईंनी त्यांच्या समोर ठेवलेला होता. तो त्यांना ऐकू गेला नाही असं म्हणता येत नाही.

आता याच कसोट्या आजच्या एका व्रताला लावून पाहू, कारण त्या एकाच दिशेने निकाल देतात असं नाही. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांचा संथारा किंवा सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडत मरण स्वीकारण्याचं व्रत, ही आत्महत्या ठरवली आणि ती घेणाऱ्यावर व साहाय्य करणाऱ्यावर गुन्हे नोंदवायला सांगितलं. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मधल्या तीन आठवड्यांत चर्चा चालली ती सती बंद केली तर हे का नाही, या एका ओळीवर. दोन्हींत धर्म आहे, दोन्हींत मृत्यू आहे, म्हणजे दोन्ही सारखे? व्रताची रीत तरी आधी पाहावी. प्राचीन जैन आचार्य समंतभद्रांनी सल्लेखनेचे प्रसंग मोजून दिले आहेत: संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि रोग, आणि त्यांवर काही उपाय उरला नसेल तरच. आधी वैर आणि माया दोन्ही सोडायची, घरच्यांची नि नोकरांचीही क्षमा मागायची, केलेल्या चुका बोलून दाखवायच्या. मग क्रमाने अन्न कमी करत स्निग्ध पेयावर यायचं, ते सोडून ताक-कांजी, गरम पाणी अशा साध्या पेयावर, मग तेही सोडून शक्तीप्रमाणे उपवास. हे काम तासांचं नाही, आठवड्यांचं असतं, कधी त्याहून लांबतं. देखरेखीला निर्यापक आचार्य लागतो. जुन्या ग्रंथांत सेवेला ४८ मुनी सांगितले आहेत, निदान दोन तरी हवेतच. आणि व्रत बिघडवणारे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला पहिला जगण्याची हाव, दुसरा मरण्याची इच्छा. लवकर मरण यावं असं वाटणं हाच इथे दोष आहे. आत्महत्येच्या व्याख्येत हे कसं बसवणार? ‘हा आत्मवध नव्हे काय’ हा प्रश्न पूज्यपाद या जैन आचार्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी स्वतःच उपस्थित करून त्याचं उत्तर दिलेलं आहे.

कुंथलगिरीवर १९५५ साली आचार्य शांतिसागरांनी सल्लेखना घेतली तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. दृष्टी अधू झाली होती. पायाखालचा जीव दिसत नसेल तर मुनीचं चालणंच हिंसा ठरतं, म्हणून त्यांनी तो निर्णय घेतला. महिन्याहून अधिक काळ ती चालली आणि १८ सप्टेंबरला संपली. त्यांनी न घेतली असती तर त्यांचा मान कणभरही कमी झाला नसता. मुक्ताबाईंच्या आणि त्यांच्या परिस्थितीतला फरक इथे आहे. १९८२ साली विनोबांनी पवनारला अन्न-औषध थांबवलं, त्यालाही हेच लागू. आणि आधुनिक कायद्यालाही फार वाट पाहावी लागली नाही. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, उपचार नाकारण्याची इच्छा आधी लिहून ठेवायला मुभा दिली. २०१५ साली ‘मध्ययुगीन’ वाटलेली गोष्ट तीन वर्षांत वेगळ्या भाषेत हक्क झाली. मग मागासलेलं कोण होतं?

तरी संथाऱ्याच्या समर्थकांनीही इथे सुटकेचा श्वास टाकू नये. २०१६ साली हैदराबादेत तेरा वर्षांच्या मुलीने ६८ दिवसांचा उपवास केला आणि ती गेली. तो संथारा नव्हता, चातुर्मासातलं तप होतं, पण समाजाने तिची मिरवणूक काढली होती. २०२५ साली इंदूरमध्ये मेंदूत गाठ असलेल्या, चार वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलीला संथारा दिल्याची बातमी आली. क्षमा कुणाची मागायची, वैर कुणाशी सोडायचं, हे तीन-चार वर्षांच्या पोराला काय कळणार? समंतभद्रांच्या अटीच ती पुरी करू शकत नाही. आणि मोठ्यांच्या बाबतीतही एक तपासणी करण्यासारखी आहे. व्रत जाहीर झालं, दर्शनाला रांग लागली, फलक लागले. चौथ्या दिवशी त्या आजींनी वाटीभर खिचडी मागितली, तर घरात ती निमूटपणे, काही न बोलता करून देणारं कुणी आहे का? ते असेल तर व्रत. ते नसेल तर १८१३ चा दरोगा पुन्हा दारात उभा आहे, फक्त त्याच्या अंगावर गणवेश नाही.

उद्याचे लोक आपल्यालाही असंच मोजतील, म्हणून कुणालाच मोजू नका, असं काहीजण म्हणतात. मोजू देत. देवाला मुली सोडण्याविरुद्ध मुंबई प्रांताने १९३४ साली कायदा केला होता आणि महाराष्ट्राला २००५ साली तोच विषय नव्या कायद्यात पुन्हा घ्यावा लागला. मधल्या एकाहत्तर वर्षांतल्या लोकांना हे चूक आहे हे ठाऊक नव्हतं, असं त्यांच्या नातवंडांनी मानायचं का?

महाराष्ट्रात गावोगाव, जुन्या शिवमंदिरांच्या आवारात, नदीच्या उतारावर, सतीशिळा उभ्या आहेत. बहुतेकांवर नाव नाही. दगडातल्या खांबातून एक हात बाहेर आलेला असतो, कोपरात काटकोनात वळलेला, पंजा उघडा, वर कोपऱ्यात चंद्र आणि सूर्य. मनगटात बांगड्या कोरलेल्या असतात, आणि कोरणाऱ्याने त्या नीट, एकीवर एक, मोजता येतील अशा काढलेल्या असतात. ती बाई घरी राहिली असती तर त्याच दिवशी त्या बांगड्या फोडल्या असत्या.